चौरस मीटरला बावीस किलो

७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात टॅकोमा नॅरोज पूल कोसळला, तेव्हा वारा होता ताशी सुमारे ६८ किलोमीटर. असा वारा समोरून आदळला, तर एका चौरस मीटरवर जेमतेम २२ किलो वजनाएवढा दाब पडतो. याच्या कितीतरी पट दाब सोसेल असा हिशेब करून बांधलेला तो पूल होता आणि खुला होऊन त्याला चारच महिने झाले होते. मग पोलाद तुटलं कसं?

मधला गाळा ८५३ मीटरचा आणि रस्त्याच्या दोन्ही कडांच्या तुळया फक्त २.४ मीटर उंच. मीटरभर लांबीची पट्टी तीन मिलिमीटरहूनही पातळ असावी, तसं हे प्रमाण. तुळया सलग पत्र्याच्या, त्यामुळे वाऱ्याला आरपार जायला वाट नाही. सकाळी दहाच्या सुमारास गाळ्याच्या मध्यावर केबलचा पट्टा घसरला आणि तोवर वरखाली हलणारा रस्ता पिळवटू लागला. साधारण पाच सेकंदांना एक पीळ. रस्ता ४५ अंशांपर्यंत कलायचा. एक कड दुसरीपेक्षा साडेआठ मीटर वर जायची आणि अडीच सेकंदांत तेवढीच खाली. हे जवळपास तासभर चाललं. म्हणजे सातशेच्या आसपास पीळ!

पाठ्यपुस्तकं याला अनुनादाचं, म्हणजे बाहेरच्या धक्क्यांची लय पुलाच्या स्वतःच्या लयीशी जुळण्याचं, उदाहरण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण आकडे जुळत नाहीत. त्या वाऱ्यात कडेवरून भोवरे सुटत होते सेकंदाला साधारण एक. पीळ होता पाच सेकंदांचा. खरं कारण अधिक धास्ती घालणारं आहे. रस्ता कलला की त्याच्यावरचा वाऱ्याचा जोर बदलतो आणि तो बदललेला जोर रस्त्याला आणखी कलवतो. दर पिळाला वारा जेवढी ऊर्जा भरतो, तेवढी पुलाला जिरवता येत नाही. वारा झोत देत यावा लागत नाही. एकसारखा वाहिला तरी पुरतो.

जपानच्या आकाशी काइक्यो पुलाचा मधला गाळा १,९९१ मीटर. तो सेकंदाला ८० मीटर वेगाच्या वाऱ्यासाठी आखला आहे. वेग टॅकोमाच्या चौपटीहून थोडा अधिक, पण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो जवळजवळ अठरापट: चौरस मीटरला ३९० किलो. अशा वादळात गाळ्याचा मध्य सुमारे २७ मीटर बाजूला सरकेल, हे धरूनच तो बांधला. त्याच्या चाचणीसाठी शंभरपट लहान केलेली प्रतिकृतीच ४० मीटर लांब होती.

१४ मीटर उंचीच्या जाळीदार तुळयांनी आकाशीला ताठपणा दिला. तुर्कस्तानातला २०२२ चा चानाक्काले पूल मात्र टॅकोमाहून सडपातळ आहे: २,०२३ मीटरच्या गाळ्याला जाडी जेमतेम साडेतीन मीटर. तरी तो स्थिर राहतो, कारण त्याच्या पोलादी पेट्यांच्या कडा निमुळत्या आहेत आणि दोन पेट्यांमधल्या मोकळ्या फटीतून वरचा-खालचा दाब एकमेकांना भेटतो.

या घडणीत लहानसा बदलही महागात पडतो. ५ मे २०२० रोजी चीनमधला ८८८ मीटर गाळ्याचा हुमेन पूल साध्या वाऱ्यात लाटांसारखा हलू लागला आणि वाहतूक थांबवावी लागली. दुरुस्तीच्या कामासाठी कठड्यालगत पाणी भरलेले प्लास्टिकचे अडथळे ओळीने लावले होते, एवढंच.