थंडीचे कपडे – भाग ३ : पहिल्या पाळीचा वारा

मागच्या भागात लोकर, सूत आणि ॲक्रिलिक यांची ओळख करून घेतली. आता हे कपडे अंगावर कोणत्या क्रमाने चढवायचे ते पाहू. त्यासाठी लडाखला जायची गरज नाही, धार जिल्ह्यातले पीथमपूर पुरे आहे. वाहन उद्योगासाठी नावाजलेल्या या गावात इंदूर, राऊ, महू, धार अशा चहूबाजूंनी कामगार येतात आणि त्यांतले कितीतरी मोटारसायकलवर असतात. धार-देवासचे पवार आणि इंदूरचे होळकर यांच्या काळापासून माळव्यात रुजलेल्या मराठी घरांतली मुलेही त्यांत आहेत. पहिली पाळी गाठायची तर निघावे लागते उजाडण्याआधी, म्हणजे दिवसातल्या सगळ्यात थंड वेळी.

जानेवारीत पहाटे इथे पारा १० अंशांच्या आसपास असतो. थंडीची लाट आली की तो पाच-सहावर उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी २५ च्या घरात जातो. पठार समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटर उंच, हवा कोरडी, आकाश निरभ्र. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. उन्हाळ्यात ‘शब-ए-मालवा’ म्हणून वाखाणल्या जाणाऱ्या याच रात्री पौषात अंगावर येतात.

पण खरा त्रास पाऱ्यापेक्षा वाऱ्याचा. अमेरिका आणि कॅनडाचे हवामान विभाग २००१ पासून एक सूत्र वापरतात. त्यात ७ अंश तापमान आणि ताशी ५० किलोमीटर वारा घातला, तर उघड्या कातडीला जाणवणारी थंडी साधारण १ अंशाची निघते. मोटारसायकल ५० ने चालली की हवा स्तब्ध असली तरी एवढा वारा आपणच तयार करतो.

स्वेटर ऊब निर्माण करत नाही. ऊब शरीराची, स्वेटर फक्त तिच्याभोवती हवा अडवून धरतो. अडकलेली, न हलणारी हवा उष्णता फार सावकाश जाऊ देते. विणीच्या भोकांतून वारा शिरला की ती हवा निघून जाते, मग स्वेटर कितीही जाड असो. म्हणून वर स्वेटर मिरवायचा आणि आत शर्ट, ही आपली नेहमीची तऱ्हा गाडीवर निरुपयोगी ठरते. आत अंगाला बेताचे चिकटणारे इनर, त्यावर स्वेटर आणि सगळ्यांत वर वारा अडवणारे पातळ विंडचीटर, हा क्रम ठेवावा. माझ्या मते पैसे मोजके असतील तर दुसरा स्वेटर घेऊच नये, ते विंडचीटरवर घालावेत. अगदीच काही नसेल तर पावसाळ्यातला रेनकोट काढावा. स्वेटरखाली छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवणारे जुने सायकलस्वारही नेमके हेच करत होते.

विंडचीटर घेताना दुकानातच पारखून घ्या. कापड ओठांपाशी ताणून धरा, पलीकडे तळहात ठेवा आणि जोरात फुंका. हाताला फुंकर लागली तर ते वारा अडवणार नाही. मग चेन पाहा. चेनच्या दातांमधून वारा थेट छातीत घुसतो, म्हणून तिच्यामागे कापडाची पट्टी हवी. जुन्या बाराबंदीत छातीवर एकावर एक दोन पदर येत, ती शिवण विचारपूर्वक केलेली होती. मापही थोडे सैल घ्या. घट्ट जाकिटाखाली स्वेटर दबला की त्यातली हवा गेली आणि हवेबरोबर ऊबही.

एकच जाडजूड फोमचे जाकीट मला या गावासाठी पटत नाही. दुपारी पाळी सुटते तेव्हा ऊन भाजत असते. ते जाकीट अंगात ठेवले तर घाम, काढले तर ठेवायला जागा नाही. पातळ थर एकेक करून उतरवता येतात आणि घडी घालून डबा-पिशवीत मावतात.

घामाचा हिशेब रात्री परतणाऱ्यांनी आवर्जून समजून घ्यावा. भट्टीपाशी किंवा प्रेसवर काम करून बनियन ओले झालेले असते. त्यात ५० ग्रॅम पाणी आहे असे धरा. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० जूल उष्णता घेतो. एवढे पाणी अर्ध्या तासाच्या वाटेत वाळले तर दर सेकंदाला ६५ जूलच्या वर उष्णता जाते आणि तिचा बराच भाग अंगातून ओढला जातो. स्वस्थ बसलेले शरीर सेकंदाला साधारण १०० जूल निर्माण करते. तेव्हा निघण्यापूर्वी कोरडे बनियन घालणे यापेक्षा स्वस्त आणि गुणकारी उपाय नाही.

कारखान्याच्या आत मात्र नियम वेगळे. ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टरवर वेल्डिंगची ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटते. पॉलिएस्टर २६० अंशांच्या आसपासच वितळते. लोकर वितळत नाही, सहज पेटतही नाही. वेल्डिंग खात्यात असाल तर पॉलिएस्टरच्या फ्लीसचा स्वेटर लॉकरमध्येच राहू द्या आणि खात्यातून मिळालेले कपडेच घाला. लोंबता मफलर फिरत्या यंत्राजवळ जीवघेणा आहे, मोटारसायकलच्या चाकाजवळही. गळ्यात ओढून घ्यायची बंद गळपट्टी बरी.

हात बधिर होतात तेव्हा आपण जाड मोजे शोधतो. पण धड गार पडले की शरीर पोटातली ऊब राखण्यासाठी बोटांकडचे रक्त कमी करते. छाती आधी झाका, मग हातमोजे, तेही बोटे हलतील एवढे सैल. बधिर बोटांनी ब्रेक उशिरा दाबला जातो, म्हणून हा प्रश्न केवळ सुखाचा नाही. सेफ्टी शूजमध्ये दोन पायमोजे कोंबले तर पाय अधिकच गारठतात. एकच लोकरीचा घाला.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती शाळेला पोचवताना स्कूटरवर पुढे उभ्या केलेल्या मुलांची. वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचा विस्तार मोठा, त्यामुळे ती आपल्याआधी गार पडतात. गाडी चालवणाऱ्याचे हातपाय थोडे तरी हलतात, त्यांचे तेवढेही नाही आणि समोरचा सगळा वारा तीच झेलतात. शिवाय हाफ स्वेटरला बाह्या नसतात. मुलाला मागे बसवा, स्वेटरवर त्याच्या मापाचे विंडचीटर घाला आणि कान झाकून हेल्मेट चढवा. मावठा पडून गेला की दुसऱ्या दिवशी गारठा वाढतो, त्या सकाळी हे विसरू नका.

(पुढील भागात : रजई, दुलई आणि गोधडी)