दिव्याच्या अवसेचं ग्रहण

२०२५च्या जुलैत व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरत होता: २ ऑगस्टला जग सहा मिनिटं अंधारात बुडणार. त्या दिवशी ग्रहणच नव्हतं. ते आहे २ ऑगस्ट २०२७ला. इजिप्तमधल्या लक्सरजवळ ६ मिनिटं २३ सेकंद खग्रास दिसेल. जुन्नर-आंबेगावात मात्र सूर्याचा एक तुकडाच झाकला जाईल. दुपारी चारच्या आसपास ग्रहण लागेल आणि सूर्यास्ताआधी सुटेल. अंधार तर दूरच, लक्ष नसेल तर कळणारही नाही.

म्हणूनच ‘खग्रास असताना चष्मा काढला तरी चालतो’ हे खग्रास दिसेल त्या पट्ट्यापुरतं खरं, आपल्याकडे नाही. इथे एक क्षणही उघड्या डोळ्यांनी बघण्याजोगा नाही.

‘ग्रहणात विषारी किरण येतात.’ नाही, ऊन रोजचंच असतं. फक्त रोज कुणी सूर्याकडे टक लावून बघत नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. तो भाजतो तेव्हा काहीच जाणवत नाही आणि त्यावर खात्रीचा उपचारही नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल हे सगळं बाद. चष्मा आयएसओ १२३१२-२ प्रमाणित हवा, त्यावर ओरखडा नको.

‘ढग आले की बघायला हरकत नाही.’ ऑगस्टात हीच चूक सर्वांत जास्त होईल. विरळ ढगाने प्रकाश सुसह्य वाटतो, धोका तसाच राहतो. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाटाकडे सूर्य दिसणं कठीणच; आळे-बेल्हे, लोणी-धामणी या कमी पावसाच्या पट्ट्यात आशा जास्त.

‘खोडदच्या दुर्बिणीतून दाखवतील.’ तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या रेडिओलहरी टिपतात; तिथे डोळा लावायची सोयच नाही. पण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी खोडदला शाळांची पोरं प्रयोग घेऊन येतात, तेव्हा ग्रहण बघण्याची रंगीत तालीम सहज होईल. आरशावर कागद चिकटवा, त्याला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पाडा आणि कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर टाका. दहा मीटरवर नऊ-दहा सेंटिमीटरचा सूर्य उमटतो, सगळा वर्ग एकदम बघतो. आरसा मात्र कुणाच्या डोळ्यांवर धरू नका, आणि आरशातल्या सूर्याकडेही बघू नका.

राहिली पोटुशीची गोष्ट. ‘तिने विळी धरली तर बाळाचा ओठ फाटतो.’ ओठ जुळतो चौथ्या ते सातव्या आठवड्यात, अनेकींना दिवस गेल्याचं नुकतंच कळतं तेव्हा. तो दुभंगण्यामागे आनुवंशिकता, धूम्रपान, काही औषधं अशी कारणं असतात. चंद्राच्या सावलीचा त्यात काही हात नाही. तिला वेधांपासून उपाशी, तहानलेली ठेवणं मात्र खरंच बाधतं.

ग्रहणाच्या दिवशी सोमवार, म्हणजे सोमवती, आणि दिव्याचीही अवस. सकाळी दिवे घासून पुजा, ग्रहण चारला आहे. शाळा मात्र लवकर सोडू नका. बिनदेखरेखीची पोरं वाटेत वर बघतील.