सहाशे तासिकांचा हिशेब

अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत नाशिकच्या कॉलेज रोडवर पालकांच्या घोळक्यात एक प्रश्न हमखास निघतो : दुसरी भाषा कोणती घ्यायची? मराठी, हिंदी, संस्कृतच्या जोडीला काही ठिकाणी जर्मन किंवा फ्रेंच मिळते आणि विज्ञान शाखेची बरीच मुलं तिकडे वळतात. कारण विचारलं तर ‘स्कोरिंग आहे’ एवढंच उत्तर येतं. गुण मिळतात, हे खरं आहे. पण नेमलेलं पुस्तक, ठरलेले प्रश्न आणि पाठ केलेली पत्रं यांतून भाषा येत नाही. २०२० च्या कायद्याने दहावीपर्यंत सक्तीची झालेली मराठी अकरावीला सोडता येते, म्हणून ती सुटते. बारावीनंतर दोन-चार महिन्यांत जर्मनही विसरायला होतं. सोळाव्या-सतराव्या वर्षी, भाषा पक्की होण्याच्या वयात, अशी दोन वर्षं जाऊ देणं मला मान्य नाही.

खरा निर्णय पदवीच्या पहिल्या वर्षी घ्यायचा असतो आणि तो घेताना आधी वेळेचा हिशेब मांडावा. युरोपीय भाषांसाठी ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पातळ्या मानतात. भारतात मॅक्स म्युलर भवन या नावाने काम करणाऱ्या जर्मन संस्थेचाच अंदाज घेऊ. तासिका ४५ मिनिटांची धरली, तर ए-वनला ८० ते २०० तासिका लागतात. अगदी सुरुवातीपासून मोजत बी-वनपर्यंत ३५० ते ६५० आणि बी-टूपर्यंत ६०० ते ८००. आता महाविद्यालयाचं वेळापत्रक पाहा. आठवड्याला तीन तासिका आणि वर्षाला तीस आठवडे धरले, तरी वर्षाच्या ९० आणि तीन वर्षांच्या २७० तासिका होतात. त्यातून परीक्षा, गॅदरिंग, सुट्ट्या वजा जाणारच. म्हणजे पदवी हातात येते तेव्हा विद्यार्थी जेमतेम ए-टूला पोहोचलेला असतो. दुकानात भाव विचारता येईल, पत्ता सांगता येईल. त्या बळावर नोकरी मात्र मिळणार नाही.

नोकरीची गरज कुठे सुरू होते, तेही पाहू. जर्मनीत परिचारिका म्हणून नोंदणीसाठी साधारण बी-टू मागतात. डॉक्टरला त्याशिवाय वैद्यकीय संभाषणाची सी-वन पातळीची वेगळी परीक्षा द्यावी लागते. अभियंत्यांना तिथे इंग्रजीतून मास्टर्स करता येतं, पण इंटर्नशिप आणि नंतरची नोकरी शोधताना जर्मन नसल्याची अडचण कळते. जपानने २०१९ साली कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला. वृद्धांची शुश्रूषा करायला त्या व्हिसावर जायचं, तर जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन-फोर पातळी किंवा तिच्या तोडीची भाषापरीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. १० हजार जणांना पाठवण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं आणि गावोगावी जर्मनच्या वर्गांच्या पाट्या लागल्या. ‘तीन महिन्यांत बी-टू’ असं कुणी म्हणालं, तर ६०० तासिकांना ९० दिवसांनी भागून पाहावं. रविवार न सोडता रोज जवळजवळ सात तासिका होतात. कर्ज काढून मुलीला असल्या वर्गाला घालण्यापूर्वी हा भागाकार घरात मोठ्याने करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नाशिकमध्ये आणखी एक समज आहे, तो म्हणजे जवळच्या कारखान्याची भाषा शिकावी. सातपूरची बॉश (जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात) जर्मन, म्हणून जर्मन शिकायची. ओझरचा एचएएलचा कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिला, म्हणून एका पिढीला रशियनचं आकर्षण होतं. पण कारखाने हात बदलतात. नाशिकजवळचा थिसेनक्रुपचा इलेक्ट्रिकल स्टीलचा कारखाना जर्मन मालकीचा होता. २०२५ च्या सुरुवातीला तो जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफई स्टीलच्या संयुक्त कंपनीकडे गेला. त्याच्याकडे पाहून जर्मन घेतलेल्या मुलाने आता काय करावं? निफाड-दिंडोरीची द्राक्षं युरोपात सर्वाधिक नेदरलँड्सला जातात, तरी डच शिकलेला बागायतदार माझ्या पाहण्यात नाही. तो व्यवहार इंग्रजीत होतो आणि सुरळीत होतो.

मग निवडायची कशी? आपला मुख्य विषय आधी, भाषा त्याच्या जोडीला. नर्सिंग आणि मेकॅनिकलवाल्यांनी जर्मनचा विचार जरूर करावा. संगणकवाल्यांना जपानी उपयोगी पडते. आणि या दोन्ही भाषांत मराठी मुलांच्या हाती थोडं भांडवल आधीच असतं, याची त्यांना कल्पना नसते. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत हे कळल्यावर इंग्रजी बोलणारा माणूस हबकतो. ‘तो, ती, ते’ म्हणत वाढलेल्या मुलाला ती कल्पना समजावून सांगावी लागत नाही. कोणत्या नामाचं लिंग कोणतं, एवढं पाठ करावं लागतं. विभक्ती शाळेत घोकलेली असते, संस्कृत घेतलं असेल तर अधिकच. जपानीत क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी येतं, ‘ला, ने, त’ यांसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात आणि समोरच्याचा मान पाहून बोलणं बदलतं. त्यामुळे वाक्यरचना लवकर अंगवळणी पडते. अडतं ते लिपीत, कारण रोजच्या वापराच्या कांजींची सरकारी यादीच २,१३६ चिन्हांची आहे. आणि जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते. एन-थ्रीचं प्रमाणपत्र हातात असूनही मुलाखतीत तोंड उघडत नाही, असं त्यामुळे होऊ शकतं. म्हणून वर्गात बोलून घेतात का, हे फी भरण्याआधी विचारावं. एखाद्या तासाला मागे बसायला मिळालं तर उत्तमच.

फोन आता भाषांतर करतो, मग एवढा खटाटोप कशाला, असं मुलं विचारतात. पत्र वाचायला, मेल लिहायला फोन पुरेसा आहे, तेवढ्यासाठी शिकूच नये. पण रात्रपाळीला रुग्ण काय दुखतंय ते सांगतो, तेव्हा परिचारिकेला ते स्वतःलाच कळावं लागतं.

मी सुचवेन ते असं. पहिल्या वर्षाच्या जूनमध्ये सुरुवात करावी आणि रोज एक तास देत दिवाळीपर्यंत ए-वन पुरं करावं. मग विचारावं, हा तास जड जातो की त्याची वाट पाहिली जाते? जड जात असेल तर तिथेच थांबावं. इंग्रजी सुधारण्यात किंवा मुख्य विषयात तो वेळ जास्त फळेल. ओढ वाटत असेल तर महाविद्यालयाच्या तासिकांवर विसंबू नये. पुण्याचं मॅक्स म्युलर भवन आणि विद्यापीठाची रानडे इन्स्टिट्यूट नाशिकपासून २०० किलोमीटरहून दूर आहेत, पण ऑनलाइन वर्गांनी ते अंतर बरंच कमी केलं आहे. प्रवास परीक्षेपुरता करता येतो.

कला शाखेच्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे आणि मला तो अधिक जवळचा वाटतो. भाषा हाच ज्यांचा विषय, त्यांना दिल्लीच्या जेएनयूमध्ये सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा देऊन परकीय भाषेची बी.ए. पहिल्या पायरीपासून करता येते. जर्मन, फ्रेंच, रशियन साहित्य मराठीत बऱ्याचदा इंग्रजीच्या वाटेने आलं; मुळातून थेट आणणारे हात कमी पडले. कुसुमाग्रजांनी ‘मॅक्बेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिलं, ते इंग्रजी वाचता येत होतं तितकंच मराठी हाताशी होतं म्हणून. हे काम करायचं असेल तर अकरावीला मराठी सोडू नये आणि परकी भाषा बी-टूच्याही पुढे न्यावी. त्याला तीन वर्षं पुरत नाहीत, सहा-सात लागतात. पैसाही उशिरा आणि थोडाच मिळतो. हे सगळं ऐकूनही जी मुलगी ‘मला हेच करायचंय’ म्हणते, तिला घरच्यांनी अडवू नये.