कललेल्या पटावरची खरी कसोटी

१८६३ साली जेम्स वायली आणि रॉबर्ट मार्टिन्स यांच्यात ड्राफ्ट्सच्या विश्वविजेतेपदासाठी सामना झाला. बुद्धिबळाच्याच ६४ घरांच्या पटावर गोल सोंगट्यांनी खेळला जाणारा हा खेळ. चाळीस डाव झाले, चाळीसही बरोबरीत सुटले, आणि त्यांतले २१ डाव पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत हुबेहूब सारखे होते. न हरण्याची वाट दोघांनाही पाठ होती. यावर पुढे तोडगा निघाला, तो म्हणजे सुरुवातीच्या चाली खेळाडूंच्या हाती ठेवायच्याच नाहीत. अमेरिकेत १९३४ पासून पहिल्या तीन चाली चिठ्ठी काढून ठरू लागल्या. चिठ्ठीत एका बाजूला जड जाणारी सुरुवात आली तरी अन्याय होत नाही, कारण तीच सुरुवात बाजू बदलून पुन्हा खेळायची असते.

बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रणाली, म्हणजे इंजिने, आज त्याच वळणावर येऊन पोहोचली आहेत. स्टॉकफिश आणि लीला या दोन बलाढ्य इंजिनांना पटाच्या मूळ मांडणीपासून पुरेसा वेळ देऊन खेळवले, तर डावामागून डाव बरोबरीत जातात. त्यातही एकाच प्रोसेसरवर, ठरावीक खोलीपर्यंत विचार करणारे इंजिन त्याच स्थितीत पुन्हा तीच चाल निवडते. मग शंभर डाव खेळवूनही हाती एकाच डावाच्या प्रती येतात. सामन्यात विविधता बाहेरूनच आणावी लागते.

पूर्वी हे काम ‘ओपनिंग बुक’ करत असे. प्रत्येक संघ आपल्या इंजिनाला सुरुवातीच्या चालींचा साठा देई आणि त्यात प्रतिस्पर्ध्यासाठी सापळेही लावी. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने विश्वविजेत्या कास्पारोव्हला सहाव्या डावात हरवले, तेव्हा कारो-कान बचावाविरुद्ध घोड्याचा बळी देणारी ती गाजलेली चाल यंत्राने पटावर बसून शोधलेली नव्हती. माणसांनी ती त्याच्या बुकात आधीच घातली होती. अशा डावात यंत्राची ताकद किती आणि तयारी करून देणाऱ्यांची किती, हे वेगळे काढता येत नाही. म्हणूनच ब्रिटिश ग्रँडमास्टर जॉन नन यांनी सुचवलेली चाचणी मला फार मोलाची वाटते. सुरुवातीचा टप्पा ओलांडलेल्या दहा स्थिती घ्यायच्या, बुक बंद ठेवायचे आणि प्रत्येक स्थिती दोन्ही रंगांनी खेळवायची. असे वीस डाव झाले की मोजमाप निव्वळ इंजिनाचे होते.

पण ननच्या काळात इंजिने चुका करत होती. समसमान स्थिती दिली तरी कुणीतरी घसरायचे. आजची इंजिने तशा स्थितीत घसरत नाहीत. पाटा खेळपट्टीवर चांगला गोलंदाज आणि सामान्य गोलंदाज यांतला फरक दिसत नाही, तसे इथे होते. बर्लिन बचाव किंवा पेट्रोव्ह बचाव दिला की दोन्ही डाव बरोबरीत जाणार, हे जवळपास ठरलेले.

म्हणून आता मुद्दाम पांढऱ्याच्या बाजूने कललेल्या स्थिती निवडतात. असे का, हे जोडीच्या हिशेबातून उलगडते. एका जोडीत दोन डाव, म्हणजे एकूण दोन गुण. एका इंजिनाला त्यातून ०, ½, १, १½ किंवा २ गुण मिळू शकतात. यातला १ हा निकाल बहुतेक वेळा दोन वाटांनी येतो. दोन्ही डाव बरोबरीत सुटले तर १, आणि दोन्ही वेळा पांढरा जिंकला तरी १. या दोन्हींतून कोण सरस हे कळत नाही. स्थिती फार सपाट असेल तर पहिली वाट, फार कललेली असेल तर दुसरी. उपयोगाची स्थिती या दोहोंच्या मध्ये, जिथे पांढऱ्याचा विजय आणि काळ्याचा बचाव दोन्ही तितकेच शक्य असतात. तिथे सरस इंजिन पांढऱ्याने जिंकते आणि तीच स्थिती काळ्याने वाचवते. जोडी १½–½ सुटते आणि फरक उघड होतो.

ही सीमारेषा आता आकड्यात सांगता येते. स्टॉकफिशच्या १५.१ या २०२२ च्या आवृत्तीपासून त्याचे मूल्यमापन असे बांधले आहे की +१.०० म्हणजे इंजिनांच्या आपसातील डावात जिंकण्याची शक्यता ५० टक्के. चाचणीसाठी माणसांच्या प्रत्यक्ष डावांमधून हजारो स्थिती काढतात, इंजिनाकडून तपासून घेतात आणि या रेषेच्या आसपासच्या तेवढ्या ठेवतात. ‘अनबॅलन्स्ड ह्यूमन ओपनिंग्ज’ हा प्रसिद्ध संग्रह असाच तयार झाला.

स्टॉकफिशच्या ‘फिशटेस्ट’ या चाचणी यंत्रणेला अशा स्थिती फार लागतात. २०१३ पासून स्वयंसेवकांच्या संगणकांवर चालणारी ही यंत्रणा प्रत्येक सुधारणा जुन्या आवृत्तीशी झुंजवून पाहते. सुधारणेचा लाभ अनेकदा एक-दोन एलो गुणांचाच, म्हणजे खेळाची ताकद मोजणाऱ्या मानांकनातल्या गुणांचाच, असतो. एका एलोचा फरक म्हणजे शंभर डावांत ५० ऐवजी सरासरी ५०.१४ गुण! एवढा बारीक फरक पकडायला हजारो, कधी लाखाहून अधिक डाव लागतात. डाव सुटे न मोजता जोडीने मोजले की सुरुवातीच्या कलामुळे आलेला चढउतार आपोआप वजा होतो आणि तेवढ्याच डावांतून अधिक खात्री मिळते.

मात्र प्रेक्षकांसमोरच्या लढतींसाठी केवळ गाळणी पुरत नाही. २०१० मध्ये सुरू झालेल्या टॉप चेस इंजिन चॅम्पियनशिपच्या शंभर डावांच्या अंतिम सामन्यांसाठी नेदरलँड्सचे येरून नोमेन यांनी सुरुवाती निवडल्या आहेत. ओपनिंग बुक रचण्याचा त्यांचा अनुभव जुना. पन्नास सुरुवाती, प्रत्येक दोनदा. आकडा जुळतो म्हणून घेतलेल्या स्थितीत कधी सारा पट लवकर रिकामा होतो, तर कधी प्याद्यांची भिंत उभी राहून खेळच थिजतो. किंग्ज इंडियनसारख्या बचावात मात्र इंजिन पांढऱ्याला बरेच वरचढ मानते, आणि तरीही मोहरी पटावर राहतात, दोन्ही राजांवर हल्ले होऊ शकतात. अशा सुरुवाती हेरायला बुद्धिबळाचीच जाण लागते. इंजिनांच्या लढतीतला हा माणसाचा वाटा मला अतिशय मोलाचा वाटतो.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. कललेल्या स्थितींवर मोजलेला एलोचा फरक मूळ मांडणीपासून मिळणाऱ्या फरकापेक्षा मोठा दिसतो, म्हणून दोन वेगळ्या संग्रहांवरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. शिवाय रेषा जागची हलते. बचाव सुधारला की कालपर्यंत हरणारी स्थिती आज वाचते आणि तीच सुरुवात बरोबरीची होऊन बसते. तेव्हा संग्रह पुन्हा चाळावा लागतो आणि थोड्या अधिक कललेल्या स्थिती त्यात आणाव्या लागतात.