भजन घरीच रेकॉर्ड करायचंय? ऑडिओ इंटरफेस घेण्याआधी एवढं तपासा

भजन रंगात आलं की हल्ली चार-पाच मोबाइल हमखास वर होतात. दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंग ऐकलं, की टाळांचा खणखणाट तेवढा कानावर येतो. बुवांचा आवाज मागे पडलेला आणि पखवाज तर कुठं हरवलेला असतो. जुन्या चाली ज्यांना पाठ आहेत, अशी बरीच माणसं आता सत्तरीच्या पुढं गेली आहेत. त्या चाली कुठं लिहून ठेवलेल्या नाहीत. म्हणून मंडळात वर्गणी काढून 'रेकॉर्डिंगचं मशीन' घ्यायचं ठरतं. पण नेमकं कुठलं घ्यायचं, इथं गाडी अडते. वर्गणीचा पैसा वाया जाऊ नये, यासाठी ही माहिती.

हे मशीन करतं काय?

माइकमधून येणारा आवाज म्हणजे अगदी बारीक विजेचा सिग्नल असतो. ऑडिओ इंटरफेस तो सिग्नल आधी वाढवतो, मग त्याचं आकड्यांत रूपांतर करून यूएसबी वायरनं मोबाइल किंवा कॉम्प्युटरला देतो. मोबाइलचा स्वतःचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. आवाज मोठा झाला की मोबाइल तो आपोआप दाबतो, लहान झाला की वाढवतो. त्यामुळे टाळ वाजले की गाणं दबतं. इंटरफेसवर आवाजाची पातळी आपण हातानं बटण फिरवून ठरवतो. मुख्य फरक हाच.

किती माइक लागतील, ते आधी ठरवा

एकटाच गाणारा असेल तर एका माइकचं मशीन पुरतं. फोकसराइटचं स्कार्लेट सोलो किंवा बेहरिंगरचं यूएम २ ही त्यातली उदाहरणं. मंडळासाठी मात्र दोन माइकची सोय हवी. स्कार्लेट टू-आय-टू आणि बेहरिंगर यूएमसी २०२ एचडी ही मशीनं या प्रकारात येतात. एक माइक बुवांपुढं आणि दुसरा पेटी व पखवाजाच्या मध्ये, एवढ्यात काम भागतं. टाळकरी चार-पाच पावलं मागं बसवावेत.

इथं एक गफलत होते. मशीनवर 'दोन इनपुट' असं लिहिलेलं असतं, पण त्यातलं एकच माइकचं असतं आणि दुसरं गिटारसाठी असतं. स्कार्लेट सोलो आणि यूएम २ या दोन्हींत असंच आहे. म्हणून दुकानात 'इनपुट किती?' असं विचारू नका, 'माइक किती लागतात?' असं विचारा.

माइकची पिन बघा

मंडळाकडं साउंड सिस्टीमचा माइक आधीच असतो. त्याच्या वायरीला टोकाला बहुतेक वेळा जाड जॅक असतो. तो इंटरफेसच्या भोकात बसतो, पण आवाज फारच बारीक येतो. कारण त्याच भोकात जाड जॅक घातला की मशीन त्याला माइक न समजता वाद्य समजतं. माइकसाठी तीन पिनांची एक्सएलआर वायरच हवी. माइक तोच ठेवून नुसती वायर बदलली तरी काम होतं. मशीन खराब आहे म्हणून परत करण्याआधी हे बघावं.

कंडेन्सर जातीच्या माइकला चालायला ४८ व्होल्टची वीज लागते. तिला फँटम पॉवर म्हणतात आणि मशीनवर त्याचं बटण असतं. हा माइक फार बारीक आवाज टिपतो. म्हणजे गोठ्यातली म्हैस, शेजारची पिठाची गिरणी आणि रस्त्यावरचा ट्रॅक्टरही त्यात येणार. पत्र्याच्या घरात साधा डायनॅमिक माइक बरा. त्याला ही वीज लागत नाही आणि जवळचाच आवाज तो जास्त घेतो.

मोबाइलला चालेल का?

घरात कॉम्प्युटर नसेल तर हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. अँड्रॉइडमध्ये ५.० या आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओची सोय आली आहे, तरी प्रत्येक मोबाइल प्रत्येक मशीनला चालतोच असं नाही. मोबाइलला ओटीजी हवं. मशीन 'क्लास कम्प्लायंट' म्हणजे वेगळं सॉफ्टवेअर न टाकता चालणारं हवं. शिवाय मशीन मोबाइलचीच बॅटरी खातं. फँटम पॉवर चालू केली की काही मोबाइलवर मशीन मध्येच बंद पडतं. अशा वेळी स्वतःचा चार्जर असलेला यूएसबी हब मध्ये जोडावा लागतो.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ज्या मोबाइलवर काम करायचं तोच दुकानात घेऊन जा, जोडून दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐका आणि मगच पैसे द्या. ऑनलाइन घेत असाल तर वस्तू परत करण्याची अट आधी वाचा. पक्कं बिल घ्या.

मोबाइल आणि वायरींचा हा ताप नको असेल, तर झूम एच४एन प्रोसारखा हातातला रेकॉर्डर हाही पर्याय आहे. तो दोन सेलवर चालतो, मेमरी कार्डवर रेकॉर्ड करतो, त्याला स्वतःचे माइक आहेत आणि बाहेरचे दोन माइकही लागतात. लाइट गेली तरी भजन थांबत नाही.

हेडफोन वायरचाच घ्या

ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो, गाताना ताल चुकतो. मशीनवर 'डायरेक्ट मॉनिटर' ही सोय आहे का, ते बघा. त्यानं आपला आवाज मोबाइलमधून फिरून न येता थेट कानात येतो. हेडफोनची पिन बारीक असेल तर जाड पिनेचं कन्व्हर्टर लागतं.

रेकॉर्ड करताना

- मशीनवर लाल दिवा लागू देऊ नका. फाटलेला आवाज नंतर नीट करता येत नाही. टाळ-पखवाज सगळ्यात जोरात वाजवून बघा आणि त्या हिशोबानं बटण कमी ठेवा.
- सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. यूएम २ सारख्या स्वस्त मशीनवर १६ बिटच मिळतं, तेही चालतं. दोन माइकचं २४ बिटचं रेकॉर्डिंग तासाला साधारण १ जीबी जागा घेतं. मोबाइल आधी रिकामा करा.
- चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. घरात अर्थिंग नीट नसलं की घुंईं आवाज येतो, तो कमी होतो.
- पंखा बंद ठेवा. भिंतींवर गोधड्या टांगा. धान्याची पोती असलेली खोली असेल तर उत्तमच, तिथं आवाज घुमत नाही.
- मोबाइलवर बँडलॅब आणि कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी फुकट मिळतं. सुरुवातीला एवढं पुरेसं आहे.

नुसतं स्टेटसला टाकायचं असेल तर मशीन घेण्याची गरज नाही. मोबाइल टाळांपासून लांब आणि बुवांच्या जवळ ठेवला तरी बराच फरक पडतो. पण चाली जपून ठेवायच्या असतील, तर बुवांना एकट्यालाही निवांत बसवून प्रत्येक चाल सावकाश म्हणून घ्या. आधी अभंगाचं नाव आणि चाल कुणाकडून शिकले, तेही बोलून घ्या. ती फाइल एकाच मोबाइलवर न ठेवता निदान दोन ठिकाणी ठेवा. मोबाइल हरवतो, पाण्यात पडतो, आणि म्हणून दाखवणारं माणूस दुसऱ्यांदा भेटेलच असं नाही.