पत्ता तोच, घर नवे : कंपनीच्या ईमेलचे स्थलांतर

कार्यालयाच्या कोपऱ्यातील खोलीत वर्षानुवर्षे अखंड चालणारा ईमेल सर्व्हर तो बंद पडेपर्यंत कोणाच्या खिजगणतीत नसतो. मात्र यंत्राप्रमाणेच त्यावरील प्रणालीचेही आयुष्य सरते. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हर २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षा दुरुस्त्या न मिळणारा सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवणे म्हणजे चोराला वाट मोकळी करून देणे होय. त्यामुळे अनेक लहान-मोठ्या कंपन्यांपुढे ईमेल नव्या सर्व्हरवर नेण्याचा प्रश्न उभा राहिला आहे.

पत्ता कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवर असेल, तर तो बदलावा लागत नाही. त्या डोमेनची टपाल कोणत्या सर्व्हरवर टाकायची, हे डीएनएसमधील ‘एमएक्स’ नोंद सांगते. ती नोंद बदलली की टपाल नव्या घरी येऊ लागते. परंतु जगभरचे सर्व्हर जुनी नोंद ‘टीटीएल’ या ठरावीक मुदतीपर्यंत स्मरणात ठेवतात. ही मुदत २४ तासांची असेल, तर स्थलांतराच्या किमान एक दिवस आधीच ती पाच मिनिटांवर आणावी. ऐनवेळी केलेला हा बदल निरुपयोगी ठरतो.

दुसरा टप्पा जुन्या पत्रांचा. ‘आयमॅप’ पद्धतीने पत्रे व त्यांचे कप्पे जसेच्या तसे हलवता येतात. संपर्कयादी आणि कॅलेंडर मात्र त्यातून येत नाहीत. ती स्वतंत्रपणे न्यावी लागतात. ‘पॉप’ पद्धत वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांची पत्रे बहुधा सर्व्हरवर नसतातच, ती त्यांच्या संगणकावर उतरलेली असतात. याचा विसर पडला आणि पुढे तो संगणक मोडीत गेला, तर कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार त्याबरोबर जातो. म्हणून आधी जुनी पत्रे सावकाश हलवावीत आणि शेवटच्या दिवशी केवळ नव्याने आलेली भर घालावी.

प्रत्यक्ष बदलाच्या वेळी थोडा काळ सर्व्हर बंद राहिला, तरी घाबरण्याचे कारण नाही. पत्र पोहोचले नाही, तर पाठवणाऱ्या सर्व्हरने किमान चार-पाच दिवस पुन्हा प्रयत्न करावेत, असे ईमेलचे तांत्रिक मानक सांगते. खरा धोका वेगळा आहे. नव्या सर्व्हरवर एखादे खाते उघडायचे राहिले, तर ‘असा पत्ता नाही’ या शेऱ्यानिशी पत्र तत्काळ परत जाते. विक्री, लेखा, चौकशी अशा सामायिक पत्त्यांच्या बाबतीत ही चूक हमखास घडते आणि हातची मागणी निसटते.

येणाऱ्या टपालाइतकीच जाणाऱ्या टपालाचीही काळजी घ्यावी लागते. नव्या सर्व्हरचे नाव ‘एसपीएफ’ नोंदीत नसेल आणि ‘डीकेआयएम’ स्वाक्षरी जुळत नसेल, तर कंपनीचे देयक ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल व याहू यांनी याबाबतचे नियम अधिक कडक केले आहेत. स्कॅनर, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि संकेतस्थळावरील चौकशी अर्ज यांच्यातही जुन्या सर्व्हरचे नाव भरलेले असते. त्यांची यादी आधीच करून ठेवणे श्रेयस्कर.

ही दक्षता केवळ सोयीसाठी नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला कायदेशीर मान्यता दिली आहे. दर, मुदत, मालाची प्रत यांवर वाद उद्भवला, तर अनेकदा एखादे जुने पत्रच आधाराला येते. त्यामुळे एमएक्स बदलल्यावर जुना सर्व्हर लगेच पुसू नये. बाहेरून येणारी टपाल तिथे थांबली आहे, प्रत्येक खात्यातील पत्रांची संख्या जुळते आहे आणि बॅकअपमधून एखादे जुने पत्र खरोखर उघडता येते आहे, या तिन्ही गोष्टींची खातरजमा करावी. त्यानंतरच त्या जुन्या यंत्राला निरोप द्यावा.