विश्लेषण : हजार शत्रू, दोन बटणे... सामुराई गेममधील कापाकापी संपत का नाही?

मे २००६. अमेरिकेतील ‘ई-थ्री’ या व्हिडीओ गेमच्या मेळाव्यात सोनीने ‘गेन्जी : डेज ऑफ द ब्लेड’ हा गेम दाखवला. जुन्या जपानमध्ये खरोखर झालेल्या लढायांवर तो बेतल्याचे मंचावरून सांगण्यात आले. थोड्याच वेळात पडद्यावर अवाढव्य खेकडा अवतरला! त्या खेकड्याची इंटरनेटवर आजही थट्टा होते. पण इतिहास आणि अचाट कल्पना एकाच ताटात वाढणारे, तासन् तास तीच कापाकापी करायला लावणारे असे गेम जपानमध्ये वर्षानुवर्षे निघत आले आहेत.

हा प्रकार नेमका काय?

इंग्रजीत याला ‘हॅक अँड स्लॅश’ म्हणतात. खेळाडूच्या हाती एक योद्धा, समोर अख्खे सैन्य. एक बटण हलक्या वाराचे, दुसरे जोरदार वाराचे. कोएई कंपनीच्या ‘डायनेस्टी वॉरियर्स २’ने २००० मध्ये ‘प्लेस्टेशन २’वर हा साचा रुजवला, त्याची कथा मात्र प्राचीन चीनमधील होती. कोएईनेच २००४ मध्ये तो साचा जपानी इतिहासात नेऊन ‘सामुराई वॉरियर्स’ काढला. पुढच्या वर्षी कॅपकॉमचा ‘सेन्गोकू बासारा’ आला.

मग तोचतोपणा का?

रणांगणावर शेकडो सैनिक दाखवायचे, तर यंत्रावर भार पडतो. म्हणून सगळ्यांचे चेहरे सारखे, हालचाली सारख्या. त्यातले बहुतेक नुसते घेरून उभे राहतात. वार एकदोघेच करतात. प्रत्येक सैनिक हुशार केला तर एकटा योद्धा मिनिटभरही तगणार नाही आणि ‘एकाविरुद्ध हजार’ ही गंमतच संपेल. याच काळावर बेतलेल्या ‘निओह’मध्ये (२०१७) साधा सैनिकही खेळाडूचा जीव घेऊ शकतो, तिथे गर्दी नसते, धास्ती असते. थोडक्यात, तोचतोपणा हा हिशेब आहे. मात्र त्याच्या आडून जुनाच मसाला पुढच्या भागात खपवला जातो, ही समीक्षकांची तक्रारही खोटी नाही.

नेमका हाच काळ का?

१४६७ मधील ओनिन युद्धापासून सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचा काळ म्हणजे ‘सेन्गोकू’, आपापसांत झुंजणाऱ्या सरदारांचा. ओडा नोबुनागा, तोयोतोमी हिदेयोशी, तोकुगावा इएयासु ही नावे जपानी मुलांना शाळेपासून ठाऊक असतात. प्रत्येकाचे शिरस्त्राण वेगळे, चिन्ह वेगळे. गेमवाल्यांना पात्रे आयतीच मिळाली.

कल्पनेलाही कुठे कुठे इतिहासाचा धागा आहे. ‘ओनिमुशा’मध्ये (२००१) नोबुनागा राक्षसांशी हातमिळवणी करतो. खऱ्या नोबुनागाने १५७१ मध्ये हिएई पर्वतावरचा मठ जाळला होता. एका पत्रात त्याने स्वतःला ‘सहाव्या स्वर्गाचा राक्षसराज’ म्हणवल्याचे पोर्तुगीज जेझुइट लुईस फ्रॉइश याने लिहून ठेवले आहे. हा फ्रॉइश जपानला जाण्यापूर्वी बरीच वर्षे आपल्या गोव्यात होता!

‘बासारा’ने मात्र ताळतंत्रच सोडले. त्यातला दाते मासामुने सहा तलवारी चालवतो, मधूनच इंग्रजी फेकतो. त्याच्या घोड्याला मोटारसायकलचे हँडल आहे. होंदा तादाकात्सु तर चक्क यंत्रमानव.

हा इतिहासाचा खेळखंडोबा नाही का?

आहेच. पण खेळणाऱ्यांना खऱ्या माणसांची नावे हवी असतात, असे दिसते. कॅपकॉमने २००५ मध्ये ‘बासारा’ची नावे आणि कथा बदलून पाश्चात्त्य देशांत तो ‘डेव्हिल किंग्ज’ म्हणून विकला. त्या नावाचा दुसरा भाग कधी आलाच नाही. २०१० मध्ये मालिकेचा तिसरा भाग तिकडे गेला तो मूळ जपानी नावांसह.

जपानमध्ये तर उलटेच घडले. इतिहासवेड्या तरुणींसाठी ‘रेकिजो’ हा शब्द २००९ च्या सुमारास तिथे गाजला. गेममधल्या सरदारांच्या ओढीने या मुली खरे किल्ले आणि समाध्या पाहायला जाऊ लागल्या. सेंदाई शहर वसवणारा खरा मासामुने ज्या भागाचा, त्या मियागी प्रांतात त्याच वर्षी गव्हर्नरपदाची निवडणूक होती. मतदानाला या, असे सांगणाऱ्या सरकारी पोस्टरवर झळकला तो ‘बासारा’तला मासामुने.